मनगटावरून गेलेलं नाव

१

शिपायाने माझ्या हातातली मूस ओढून घेतली आणि आत बोट फिरवून बघितलं. चांदी वितळवायच्या भांड्यात काजळीशिवाय काय सापडणार? त्याचं बोट काळं झालं आणि ते त्याने माझ्याच पडद्याला पुसलं. त्याच्या आईने त्याला काही शिकवलेलं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

इन्स्पेक्टर लाफेर्ला दारातच उभा होता, टोपी हातात धरून. त्याच्या बारशाचं पदक आमच्या दुकानातलं, त्यामुळे माझ्याशी नजर मिळवायला त्याला जड जात होतं. त्याने सांगितलं ते असं. पहाटे बाहेरच्या समुद्रात पाणतीर लागून इंग्रजांचं एक जहाज बुडालं. एका बुडालेल्या खलाशाला माझा मुलगा विस्तीन होडीतून धक्क्यावर घेऊन आला. धक्क्यावर त्या मेलेल्याच्या मनगटात चांदीचं नावाचं कडं होतं, ते हवालदाराने डोळ्यांनी पाहिलं. पायऱ्या चढून स्ट्रेचर शवघरात गेलं, आणि मुडदा धुऊन झाला तेव्हा मनगट रिकामं होतं. पायऱ्यांवर त्या मेलेल्याचा हात कोणी धरला होता, तर विस्तीनने. विस्तीन कोठडीत होता.

"आणि तो चांदीवाल्यांच्या घरचा," लाफेर्ला खाली बघत म्हणाला.

आरमार खलाशाला टोपी देतं, बूट देतं, शिव्या देतं, पण मेल्यावर ओळखायला काही देत नाही. म्हणून ही पोरं स्वतःच्या पदरच्या पैशाने आमच्या बिर्गू बंदरातल्या दुकानांतून कडी करून घेतात. साखळी, तिला एक पट्टी, पट्टीवर नाव, जहाज आणि धर्म. तेवढंच त्यांचं मढं बोलू शकतं. ते कडं गेलं तर पोराला बेनाव पुरतात, आणि त्याची आई म्हातारी होईस्तोवर दाराकडे बघत बसते.

मेलेल्याला लुबाडणाऱ्याला लढाईच्या दिवसांत तुरुंग तर होताच. पण तुरुंगातून माणूस सुटतो. बंदरावर एकदा नाव गेलं की विस्तीनच्या होडीत पुन्हा कोणी पाय ठेवणार नव्हतं, आणि त्याच्या बापाच्या दुकानाची पायरीही कोणी चढणार नव्हतं. मी डोक्यावरची शाल सारखी केली आणि लाफेर्लाला म्हटलं, मला आधी मुलाकडे ने.

२

विस्तीन बाकावर बसला होता. चांदीकामाला त्याचे डोळे चालत नाहीत, म्हणून तो होडी चालवतो. खांदे बैलासारखे, आणि बोलायला लागला की लहान पोर.

"आई, आधी विचार ना."

"काय विचारू?"

"मी घेतलं का ते."

"ते विचारायला तुझा बाप जिवंत असता तर त्याला पाठवलं असतं. मी विचारायला आलेच नाही. कडं कसं होतं ते सांग."

त्याने डोळे मिटून आठवलं. जाड कड्यांची साखळी. पट्टी आतल्या बाजूला फिरलेली, त्यामुळे अक्षरं दिसली नाहीत. उघडझाप करायचा आकडा नव्हताच. शेवटची कडी मनगटावरच दाबून बंद केलेली. मी मान हलवली. खलाशांच्या बायका तसंच मागतात, आमच्या दुकानात काय किंवा शेजारच्या. आकडा ठेवला की नवरा कुठल्यातरी बंदरावर काढून ठेवतो आणि विसरतो.

हात का धरलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, स्ट्रेचरवरून हात खाली लोंबत होता आणि प्रत्येक पायरीला आपटत होता. ते त्याला बघवेना. म्हणून त्याने मनगटाशी हात उचलून धरला आणि शवघराच्या दारापर्यंत नेला. स्ट्रेचरवाल्यांनी ते आत नेऊन ठेवलं, आणि हा आपल्या होडीकडे वळला. खाली धक्क्यावरून हवालदाराला एवढंच दिसलं की चांदीवालीचा मुलगा मेलेल्याचं मनगट मुठीत धरून चाललाय.

मी म्हटलं, "मेलेल्याचा हात आपटला तर त्याला दुखतं का रे, गाढवा?"

"मला दुखत होतं ना," तो म्हणाला.

बाहेर लाफेर्ला थांबलाच होता. उन्हाळा असल्याने मढं ठेवता येणार नव्हतं, दुपार कलताच दफन होतं, आमच्या कॅथलिक कबरस्तानात. मी विचारलं, बेनाव माणसाचा धर्म कोणी ठरवला? तो म्हणाला, त्याच्या हातात जपमाळ आहे.

ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. विस्तीनने माळेचं नावही काढलं नव्हतं. एकाच मढ्यावरून एक वस्तू गेली आणि दुसरी कुठूनशी आली होती.

३

चांदी हातावरून कशी उतरवली, ते चांदीवालीलाच कळेल, असं सांगून मी लाफेर्लाला शवघर उघडायला लावलं.

पोरगा कोवळा होता. ओठावर नुकतीच लव. पाण्याने हात सुजले होते, आणि डाव्या मनगटावर उन्हाने न पोळलेला पांढरा पट्टा होता. त्या सुजलेल्या हातावरून बंद साखळी ओढून काढायची म्हटली तर कातडी सोलून निघाली असती. चाकूने कडी उचकटली असती तरी ओरखडा राहिला असता. मी कातडी निरखून पाहिली. कुठे रेघ नाही. कोणीतरी बारीक पक्कड घेऊन, पोरगा झोपलाय आणि जागा होईल अशा बेताने, कडी उघडली होती.

लाफेर्लाला मी म्हटलं, हे पायऱ्या चढता चढता होत नाही. तो म्हणाला, "पक्कड तुमच्या मुलाच्या खिशात असू शकते, सिन्योरा. तुमच्या घरात पकडी कमी नाहीत." खोटं बोलत नव्हता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मग मी जपमाळ पाहिली. ऑलिव्हच्या बियांची, दोरीत गाठी मारून ओवलेली. असल्या माळा बेटावर घरोघरी होतात, इस्पितळाच्या वॉर्डांत टोपलीभर पडलेल्या असतात. माळ त्याच्या उजव्या हाताला गुंडाळलेली होती, आणि क्रूस दिसत नव्हता. मी वाकून पाहिलं. क्रूस मुठीच्या आत होता, बोटं वरून घट्ट मिटलेली.

पोराच्या गळ्यात खलाशी बांधतात तशी दोरी होती आणि तिला चाकू. ती दोरी मी चिमटीत धरली. सुकली होती, मिठाने काडीसारखी कडक. मग जपमाळेची दोरी धरली. सुतासारखी मऊ.

"तू समुद्रातून आलास, बाळा," मी मनात म्हटलं, "पण ही माळ नाही आली."

इस्पितळाचा शिपाई हॉब्ली दाराबाहेर सिगारेट ओढत उभा होता. हा इंग्रज मेलेल्यांच्या वस्तू जमवतो, हे आख्खा धक्का जाणतो. लाफेर्लाने त्याची पेटी उघडायला लावली. आत बिल्ले, बकलं, दोन-तीन चाकू. कडं नव्हतं. हॉब्ली घामाघूम झाला आणि मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत सांगायला लागला, की हे सगळं जखमी सैनिकांनी खुशीने दिलेलं आहे, आणि मढ्याच्या तर तो जवळही जात नाही, त्याला भीती वाटते.

लाफेर्लाचा विश्वास बसला नाही. माझा बसला. चाकूंचा एवढा शौकीन माणूस, आणि मढ्याच्या गळ्यात एवढा चांगला चाकू तसाच लोंबत होता. हॉब्लीने खरोखरच उंबरा ओलांडला नव्हता.

मी त्याला विचारलं, आत कोण कोण होतं. तो म्हणाला, स्ट्रेचर ठेवून माणसं गेली, मग धुणारी बाई फिलुमेना, एकटी. आणि नंतर तुमचा पाद्री.

चोर घेतो, आणि जातो. इथे कोणीतरी देऊनही गेलं होतं. जपमाळ देणारा माणूस म्हटल्यावर बेटावर कोणाचं नाव तोंडात येईल? माझ्याही तेच आलं.

४

डुन इंद्री आमच्या देवळाचे पाद्री. माझ्या नवऱ्याला मरणघडीला शेवटचं तेल त्यांनीच लावलं. त्यांच्यासमोर उभं राहून, तुम्ही मेलेल्याचं कडं काढलंत का, हे विचारायचं म्हणजे जीभ जड होते. माझी झाली नाही.

ते कॉफी पीत होते. पेला बशीत ठेवला. मग म्हणाले, "सावेर्या, तुझ्याऐवजी दुसरी कोणी असती तर मी तिला दार दाखवलं असतं."

"दाखवा, पण उत्तर देऊन."

उत्तर त्यांनी दिलं. ते गेले तेव्हा पोरगा धुऊन, चादर घालून तयार होता आणि माळ हातात होती. माळ बघूनच त्यांनी त्याला आपला मानला आणि प्रार्थना म्हटली. कडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं असतं, त्यावर इंग्रजांच्या चर्चची अक्षरं असती, तर त्यांनी इंग्रज पाद्र्याला निरोप धाडला असता. मेलेल्याचा धर्म बदलायचा अधिकार पोपलाही नाही, मग बिर्गूच्या म्हाताऱ्या पाद्र्याला कुठला? हे बोलताना ते रागावले होते, आणि तो राग मला खरा वाटला.

पण कडं का नेलं, ते त्यांच्या बोलण्यातून मला उमगलं. पट्टीवर धर्म असतो. माळ एक सांगणार आणि पट्टी दुसरं, असं झालं असतं तर पट्टीच खरी मानली असती. म्हणून माळ देणाऱ्याला कडं काढणं भाग होतं. चांदीचा लोभ ह्यात कुठेच नव्हता. कोणाला तरी हे पोर आपल्या मातीत हवं होतं.

निघताना मी विचारलं, मेलेल्याच्या हातात माळ देताना तुम्ही क्रूस कुठे ठेवता.

"छातीवर, वर तोंड करून. सगळ्यांना दिसेल असा. का गं?"

मी दार ओढून घेतलं. आमच्या गल्लीत क्रूस मुठीच्या आत ठेवणाऱ्या बायका आहेत. ज्यांची पोरं जहाजावर असतात त्या. पोर निघताना त्या त्याच्या मुठीत क्रूस देतात आणि वरून बोटं दाबतात, म्हणजे समुद्राला तो हिसकावता येत नाही.

५

फिलुमेनाचा मुलगा लिप्पू आरमारात वाढपी होता. दोन हिवाळ्यांमागे त्याचं जहाज उत्तरेच्या समुद्रात बुडालं. मढं आलं नाही, कबर नाही, काही नाही. तेव्हापासून फिलुमेना शवघरात मुडदे धुते. लोक म्हणतात पोटासाठी. लोकांना काय, तोंडं आहेत.

ती अंगणात बसून माळ ओवत होती. मांडीवर ऑलिव्हच्या बिया, आणि शेजारी क्रूसाची कडी वळवायची बारीक पक्कड. मी ती पक्कड पाहिली. मी पाहिली हे तिने पाहिलं, पण लपवली नाही.

मी समोर बसले आणि सांगितलं, विस्तीनला धरलंय. तिला हे ठाऊक नव्हतं. हातातली बी खाली पडली. मग ती हळूच म्हणाली, सोडतील त्याला, पोरगा निर्दोष आहे.

सकाळपासून मला भेटलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, घेतलं का त्याने. माझ्या सख्ख्या शेजारणीच्याही. फिलुमेनाने तो प्रश्न विचारला नाही. तिला विचारायची गरज नव्हती.

"फिलुमेना, ताठ झालेली मूठ अशी मिटत नाही. कोमट पाण्यात बोटं चोळत बसावं लागतं. ते तुझ्याशिवाय कोणी केलं?"

"मी मुडदे धुते. मला अक्षरं येत नाहीत."

"मलाही धड येत नाहीत. पण कुठल्या मढ्यासाठी कुठल्या पाद्र्याला बोलवायचं, ते तू पट्टी बघूनच सांगतेस. ती खूण तुला नक्षीसारखी पाठ आहे."

तिने तोंड मिटलं ते मिटलंच. मी रागावले, मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती बियांकडे बघत राहिली. भीती होती तिला, आणि भीतीपेक्षा जास्त हट्ट होता. हट्टी बाई मला ओळखता येते, आरशात रोज बघते.

दुपार कलायला लागली होती. तिच्याकडून शब्द मिळणार नव्हता, म्हणून मी कड्याचा विचार केला. तिने ते विकलं नसतं. समुद्रातही टाकलं नसतं, एकदा बुडालेल्या पोराला पुन्हा कोण बुडवेल? घरात ठेवायला चोराची छाती लागते. मग आमच्याकडची बाई चांदी नेते कुठे?

मी उठले आणि देवळाकडे चालू लागले.

६

आमच्या मारियामातेच्या बाजूच्या भिंतीवर नवसाची चांदी फितींनी टांगलेली असते. चांदीचे पाय, डोळे, बाळं, गलबतं. मेणबत्त्यांच्या धुराने सगळी काळवंडलेली. अंगावर वागवलेली चांदी मात्र घामाने आणि कपड्याने घासून उजळ राहते. मी एकेक फीत बाजूला करत गेले. एका काळ्या गलबताच्या मागे काहीतरी चमकलं.

जाड कड्यांची साखळी. शेवटची कडी पुन्हा नीट, गोल बंद केलेली.

मातेला दिलेली वस्तू परत घेऊ नये, हे मला माझ्या आजीने लाथा घालून शिकवलंय. मी वर बघितलं आणि म्हटलं, "माउली, तुझ्या पोराला वैऱ्यांनी क्रूसावर मारलं, पण त्याच्या डोक्यावर नावाची पाटी त्यांनीही लावली. ह्याच्या आईला तेवढं तरी मिळू दे." आणि फीत सोडली.

लाफेर्लाच्या टेबलावर मी कडं ठेवलं तेव्हा वाटलं, संपलं. तो खुर्चीत मागे टेकला. कुठे मिळालं ते विचारलं, मी सांगितलं. मग तो बोलला.

"सिन्योरा, आख्ख्या बेटावर लपवलेली वस्तू तुम्ही पहिल्याच फेरीत शोधून काढलीत. न्यायाधीश काय म्हणेल? मुलाने कोठडीत आईच्या कानात जागा सांगितली, असंच म्हणेल."

सकाळी गजाआड त्याच्याशी बोलले होते ते शिपायाने पाहिलं होतं. मुलाला सोडवायला आणलेल्या वस्तूनेच त्याचा गळा आवळला जात होता.

मग मी फिलुमेनाचं नाव घेतलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन. मऊ दोरी, आतला क्रूस, मिटलेली मूठ, न सोललेलं मनगट, एकेक करून सगळं सांगितलं. लाफेर्लाने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाला, पटतंय, पण हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. ती नाही म्हणाली तर?

तिला आणलं. विस्तीनलाही आणून भिंतीशी उभं केलं. त्याने तिला पाहून, सवयीने, मान लववली. ती त्याच्याकडे बघेना.

लाफेर्ला तिला विचारायला लागला, तसा मी हात वर केला. म्हटलं, आधी पट्टी वाच. मोठ्याने.

त्याने कडं उजेडात धरलं. "एडविन ट्रेगर," त्याने वाचलं. पुढे जहाजाचं नाव, आणि मग इंग्रजांच्या चर्चची खूण.

फिलुमेनाचे ओठ हलले. ती ते नाव उच्चारून बघत होती, आणि ते तिच्या जिभेवर नीट बसत नव्हतं.

"एदवीन," ती म्हणाली. मग लाफेर्लाला विचारलं, "त्याच्या आईचं नाव आहे का त्यावर?"

"नाही."

"मग कळवणार कसं?"

"ह्या नावावरून. आरमार शोधून काढतं."

तिने खाली बघितलं. "माझ्या लिप्पूच्या हातात कोणी बाईने माळ दिली असेल, असं मी रोज मनाला सांगते. तिकडे, थंडीत, कुठल्यातरी किनाऱ्यावर. म्हटलं, मी इथे कोणाच्या तरी लेकराला दिली तर तिकडे तो देव बघेल. ती खूण राहिली असती तर त्याला इंग्रजांच्यात पुरला असता, माळ काढून." तिने पट्टीकडे बघितलं. "त्याची आई वाट बघत बसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्याच, बघा, जी रोज तेच करते."

मग ती विस्तीनकडे वळली आणि त्याच्यासमोर मान खाली घातली.

७

लाफेर्लाने काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. फिलुमेनाला कोठडी झाली नाही. शवघराचं काम मात्र गेलं. विस्तीनला सोडताना मी एक अट घातली, मागच्या दाराने नाही. तेव्हा लाफेर्ला टोपी घालून त्याच्या बरोबरीने आख्खा धक्का चालत गेला, आणि जिथे हवालदाराने त्याला धरलं होतं तिथे, सगळ्या होडीवाल्यांसमोर, त्याने विस्तीनशी हात मिळवला. कोणी खोकलं नाही. एकाने विस्तीनच्या होडीची दोरी सोडून दिली, तेवढं पुरे होतं.

पोराला आता खाडीपलीकडे, इंग्रजांच्या कबरस्तानात, नावानिशी न्यायचं ठरलं होतं. त्याला घेऊन आरमाराची होडी पुढे गेली. मूठ काही उघडली नाही, तेव्हा इंग्रज पाद्री म्हणाला, माळ राहू दे.

तेवढ्यात पायऱ्यांवरून फिलुमेना खाली आली, काळी शाल डोक्यावरून घेऊन. तिला पलीकडे जायचं होतं. एक होडीवाला जाळं आवरायला लागला. दुसऱ्याने पाठ फिरवली. विस्तीन ज्या गोष्टीसाठी आत गेला होता ती हिने केली आणि कळल्यावरही गप्प बसली, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मीही तोंड फिरवलं असतं. मी देवमाणूस नाही.

विस्तीनने वल्हं आत घेतलं आणि हात पुढे केला.

"बसा, मावशी. लाटा आहेत, कठडा धरून बसा."

ती बसली. मग मीही चढले, माझ्या मुलाची होडी आहे, मला कोण अडवणार? आम्ही दोघी समोरासमोर होतो आणि बोलत नव्हतो. मी तिचं नाव घेतलं होतं, तिने माझ्या मुलाला बुडायला सोडलं होतं. आता बोलायचं ते काय?

अर्ध्या वाटेत तिने माझ्या गुडघ्याला हात लावला.

"सावेर्या, काय गं होतं त्याचं पुढचं? एदवीन, आणि?"

"ट्रेगर."

"त्रेगर," ती म्हणाली. मग पहिल्यापासून. पलीकडचा काठ लागेपर्यंत ती ते नाव घोकत होती, चुकत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत पुन्हा सुरू करत होती.